डोक्याला मार लागल्यानंतरच्या डोकेदुखीवर बीपीची प्रॅझोसिन: संशोधन काय म्हणतं आणि गावात घेताना काय सांभाळायचं?

कबड्डी_दारव्हा

नमस्कार मंडळी. आमच्या संघातल्या एका पोट्ट्याबद्दल विचारायचं आहे. वय 19, वजन 58 किलो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सामन्यात घोट्याची पकड करताना चढाईवाल्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. अर्धा मिनिट शुद्ध नव्हती. शुद्धीवर आल्यावर स्कोर किती झाला, हे परत परत विचारत होता. त्याच दिवशी यवतमाळला सीटी काढला, तो साफ आला.

आता मे अर्धा सरला. महिन्यातले सोळा-सतरा दिवस डोकं ठणकते. उन्हातून आला की जास्तच. रात्री दचकून उठतो, सकाळी डोकं जड. मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणून जवळपास रोज खातो. मागच्या आठवड्यात फिजिशियनला दाखवलं. त्यांनी प्रॅझोसिन 1 मिलिग्रॅम, रात्री एक, अशी लिहून दिली. त्याचं बीपी 112/70 आहे. गोळी बीपीची आहे असं मेडिकलवाल्यानं सांगितल्यापासून त्याची आई घाबरली आहे, अजून सुरू करू दिली नाही.

तीन गोष्टी विचारतो. या गोळीवर खरंच संशोधन आहे का? यानं मेंदूची इजा भरून निघते का, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या स्पर्धेत त्याला उतरवता येईल का? आणि बीपी नॉर्मल असताना ही गोळी घेतली तर धोका काय?

तालुका_फिजिशियन

दादा, आईला पहिले हे सांगा की गोळी बीपीची आहे म्हणजे पोराला बीपीचा आजार झाला असं नाही. ही जन्मभर घ्यायची गोळीही नाही. एकच औषध दोन-तीन वेगळ्या कामांसाठी वापरतात, त्यातला हा प्रकार.

प्रॅझोसिन जुनं औषध आहे, अमेरिकेत 1976 पासून बीपीसाठी वापरात आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामीण डॉक्टरांना ते विंचवामुळे जास्त ओळखीचं. लाल विंचवाच्या विषानं अंगात ॲड्रिनॅलिन-नॉरॲड्रिनॅलिन या ताणाच्या वेळी सुटणाऱ्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-1 रिसेप्टर, म्हणजे या रसायनांचा इशारा घेणाऱ्या जागा, प्रॅझोसिन अडवते आणि तो आवळ सुटतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हा उपचार रूढ केला, किती जीव वाचले त्यामुळे. डोक्याच्या माराशी त्याचा संबंध याच नॉरॲड्रिनॅलिनमधून येतो. मार लागल्यावर मेंदूतही ते वाढतं. ते रात्री चढलेलं राहिलं की झोप तुटते, माणूस दचकून उठतो. प्रॅझोसिन मेंदूत शिरते, म्हणून तिचा विचार झाला.

आता माणसांवरचा पुरावा. सुरुवात अमेरिकेच्या माजी सैनिकांपासून झाली. सिॲटलचे मानसोपचारतज्ज्ञ मरे रॅस्काइंड यांनी युद्धातल्या आघातानंतर येणाऱ्या भयानक स्वप्नांसाठी ती वापरली. 2013 मध्ये 67 सैनिकांवरच्या चाचणीत फायदा दिसला. पण 2018 मध्ये त्यांचीच 304 माजी सैनिकांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात प्रॅझोसिन आणि खोटी गोळी (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) यांत फरक निघाला नाही. हे दुसरं बरेच लोक सांगायचं विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

डोकेदुखीचं वेगळं पाहावं लागतं. 2009 मध्ये स्फोटानं मेंदूला सौम्य मार बसलेल्या माजी सैनिकांना झोपेच्या सवयींचं मार्गदर्शन आणि सोबत रात्री प्रॅझोसिन दिली, तर झोपेबरोबर डोकेदुखीही कमी झाली. पण त्यात खोट्या गोळीचा गट नव्हता, त्यामुळे श्रेय कशाचं ते ठरत नाही. ती उणीव 2023 मध्ये भरली. 48 सैनिक आणि माजी सैनिक घेतले, 32 जणांना प्रॅझोसिन, 16 जणांना खोटी गोळी. डोस पाच आठवड्यांत हळूहळू वाढवत नेला, कमाल मर्यादा सकाळी 5 आणि रात्री 20 मिलिग्रॅम. मग 12 आठवडे तोच डोस. सुरुवातीला चार आठवड्यांत सरासरी 18 दिवस डोकं दुखायचं. प्रॅझोसिनवाल्यांचे त्यातले सुमारे 12 दिवस कमी झाले, खोट्या गोळीवाल्यांचे सुमारे 7.

हे आकडे नीट वाचा. फरक पाच दिवसांचा आहे आणि तो चांगला आहे. पण खोट्या गोळीवरही सात दिवस कमी झाले, म्हणजे वेळ जाऊ देणं, नियमित तपासणी, कोणीतरी लक्ष देतंय ही जाणीव, यांचाही वाटा मोठा आहे. चाचणी 48 जणांची, तीही सैनिकांची. कबड्डीतल्या पोट्ट्याला तोच हिशेब तंतोतंत लागू होईलच असं नाही. तरी तुमच्या फिजिशियननी विचार करून लिहिलेली गोळी आहे. दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलंय, झोप मोडलेली आहे, 1 मिलिग्रॅमपासून सुरुवात आहे. हे सगळं त्या संशोधनाशी जुळतं.

मेंदू भरून येतो का, यावर माझं उत्तर स्पष्ट आहे: माणसांत तसा पुरावा नाही. 2023 मध्येच नेचर मासिकात अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या गटाचा उंदरांवरचा अभ्यास आला. मार लागल्यावर मेंदूतलं पाणी वाहून नेणारी यंत्रणा नॉरॲड्रिनॅलिनमुळे मंदावते आणि सूज वाढते, असं त्यांना दिसलं. प्रॅझोसिन, प्रोप्रॅनोलॉल आणि जनावरांची गुंगी उतरवायला वापरतात ते ॲटिपॅमेझोल, अशी तीन औषधं एकत्र दिल्यावर सूज कमी झाली. अभ्यास सुंदर आहे. पण तो उंदरांवरचा आहे, औषधं तीन आहेत आणि देण्याची वेळही वेगळी, माराच्या लगेच नंतर. त्यावरून ‘ही गोळी मेंदू दुरुस्त करते’ असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

एक गोष्ट मला प्रॅझोसिनपेक्षाही महत्त्वाची वाटते. पोट्टा रोज वेदनाशामक खातोय. साधी पॅरासिटामॉल महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, अथवा कॅफीन वगैरे मिसळलेली गोळी 10 दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. ती बंद केली नाही तर वरून दिलेल्या औषधाचा गुण कमी येऊ शकतो. बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस दुखणं वाढतं. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोष प्रॅझोसिनवर येईल. कॅलेंडरवर रोज तीन खुणा करायला लावा: डोकं दुखलं का आणि 10 पैकी किती, रात्री किती वेळा उठला, वेदनाशामक खाल्ली का. चार आठवड्यांचा तो कागद डॉक्टरांना दाखवला की डोस वाढवायचा की बंद करायचा, हे अंदाजावर ठरवावं लागत नाही.

औषधी_वर्धा

फिजिशियन सरांनी संशोधन सांगितलं, मी गोळीबद्दल सांगतो. गावात चूक बहुतेक इथंच होते.

चिठ्ठीवर प्रॅझोसिन 1 मिलिग्रॅम असेल तर साधी 1 मिलिग्रॅमचीच पाहिजे. बऱ्याच मेडिकलमध्ये एक्सएल 2.5 किंवा 5 मिलिग्रॅमच ठेवलेली असते, कारण बीपीवाले तीच नेतात. मग काउंटरवरून सल्ला मिळतो, ‘अर्धी करून घ्या’. एक्सएल गोळी कधीही तोडायची, चावायची किंवा कुटायची नाही. ती दिवसभर हळूहळू औषध सोडायला बनवलेली असते, तोडली की तो हिशेब मोडतो आणि औषध एकदम सुटू शकतं. टेराझोसिन, डॉक्साझोसिन ही त्याच घराण्यातली, पण ‘तेच आहे, घेऊन जा’ हे चालत नाही. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जुळत नाही आणि डोकेदुखीवरचा वर सांगितलेला पुरावा प्रॅझोसिनचा आहे. पाकिटावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, ते चिठ्ठीशी ताडून बघा. साधी गोळी तालुक्याला नसली तर मागवून घ्या, दोन दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

पहिल्या डोसचा धोका खरा आहे. पहिली गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते दीड तासात उभं राहताना बीपी एकदम पडून माणूस कोसळू शकतो. सुरुवात 2 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्तीनं केली तर सुमारे शंभरात एकाला हे होतं, म्हणून 1 मिलिग्रॅम आणि तीही झोपताना. डोक्याला आधीच मार लागलेला पोट्टा परत डोक्यावर पडला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून पहिल्या रात्री असं करा. जेवण आणि भरपूर पाणी झालेलं असावं, लघवीला जाऊन यावं, मग खाटेवर बसून गोळी घ्यावी आणि आडवं व्हावं. माडीवर किंवा गच्चीवर झोपत असेल तर पहिला आठवडा खाली झोपवा. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळे गच्चीवर झोपतात, रात्री अंधारात जिना उतरताना घात होतो. रात्री उठायचं झालं तर आधी एक-दोन मिनिटं खाटेवर पाय खाली सोडून बसायचं, मग काहीतरी धरून उभं राहायचं. डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथंच खाली बसायचं, खाटेपर्यंत जाण्याचा हट्ट नको. कोसळलाच तर आडवा ठेवून पाय उंच करा. पडताना डोकं आपटलं असेल तर मात्र पाय उंच न करता थेट दवाखाना.

डोस वाढेल त्या प्रत्येक रात्री हेच सगळं परत.

दुसरी मोठी चूक म्हणजे खंड. गोळ्या संपतात, बाजाराच्या दिवसापर्यंत आणायचं राहून जातं आणि चार-पाच दिवसांनी माणूस परत 4 मिलिग्रॅमवरूनच सुरू करतो. शरीराची सवय तोवर मोडलेली असते, पहिल्या डोससारखाच धक्का बसतो. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री नेहमीचाच डोस, दुप्पट नाही. दोन-तीन दिवसांच्या वर खंड पडला तर डॉक्टरांना फोन करून परत 1 मिलिग्रॅमपासून.

आता ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. घामानं अंगातलं पाणी कमी झालं की याच गोळीचा परिणाम जास्त जाणवतो. शेतात किंवा मॅटवर जाणाऱ्यानं पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्यावं: ताक, पन्हं, ओआरएस. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. हगवण-उलटी लागली, ताप चढला किंवा ऊन लागलं तर त्या रात्रीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. दारू, मोहाची असो की दुकानातली, या गोळीसोबत अजिबात नको. ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिल (व्हायाग्रातलं औषध) मिसळलेलं असू शकतं, ते आणि प्रॅझोसिन मिळून बीपी धोकादायक पडतं. हे पोट्ट्याला एकट्यात विचारा, आईसमोर तो सांगणार नाही. लिंग ताठ होऊन चार तासांवर तसंच राहिलं तर तातडीनं दवाखान्यात जायचं. हे दुर्मीळ आहे, पण लाजेनं उशीर केला तर कायमचं नुकसान होतं.

नाक चोंदणं, धडधड, दिवसा सुस्ती हे पहिल्या आठवड्यात होतं आणि बहुतेकांचं कमी होतं. डोकेदुखी हाही या गोळीचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. म्हणून सरांनी सांगितलेलं कॅलेंडर गोळी सुरू करण्याच्या आधीपासूनच भरायला घ्या.

खेळ_फिजिओ_अमरावती

स्पर्धेचं मी सांगतो. डोकं दुखतंय तोवर कॉन्टॅक्ट नाही. गोळीनं दुखणं दबलं म्हणजे मेंदू दुसरा मार झेलायला तयार झाला असं नाही. पहिली इजा निवळायच्या आत दुसरा मार बसला तर लक्षणं महिनोन्महिने लांबतात, आणि क्वचित कोवळ्या वयात मेंदूला एकदम सूज येऊन जीवही जातो.

पण तीन महिने त्याला नुसतं खाटेवर झोपवलं असेल तर तेही चुकलंच. खेळातल्या डोक्याच्या मारावर 2022 मध्ये झालेल्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतर जगभर हेच सांगितलं जातं: पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, मोबाईल कमी, त्यानंतर हलकी हालचाल सुरू. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवणं आता कोणी सांगत नाही.

क्रम असा. रोजची घरातली कामं लक्षणं न वाढता जमली की चालणं किंवा सायकल. 19 वर्षांच्या पोराची कमाल नाडी अंदाजे 201 धरा. आधी 110 च्या आसपास, ते जमलं की 140 पर्यंत. नाडी मनगटावर 15 सेकंद मोजून चारनं गुणायची. प्रॅझोसिननं नाडी थोडी वाढू शकते, म्हणून केवळ आकड्यावर विसंबू नका, लक्षणं बघा. व्यायामानं दुखणं दहापैकी दोन अंकांपर्यंत वाढून तासाभरात उतरलं तर चालेल, त्यावर गेलं तर त्या दिवशी थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी परत तोच टप्पा. मग एकट्याचं फूटवर्क, बोनस लाइनचा सराव. लक्षणं पूर्ण गेली की मगच संघासोबत, पण धक्का न लागू देता चढाईचे डावपेच. इथून पुढं जायला डॉक्टरांची लेखी परवानगी पाहिजे. तेव्हाच पकडीसह पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला कमीत कमी 24 तास, तीन महिने दुखणं असलेल्याला मी प्रत्येकी आठवडा सांगीन. व्यायाम सकाळी साडेपाच ते सातमध्ये. गोळीचा डोस वाढला त्याच्या दुसऱ्या सकाळी मात्र सुट्टी.

मान तपासली का? गुडघा कानशिलावर बसतो तेव्हा मानेलाही हिसका बसतो. मान वळवल्यावर किंवा मानेच्या वरच्या सांध्यांवर दाबल्यावर तेच दुखणं उठत असेल तर त्याचा काही भाग मानेतून येतोय. त्याला प्रॅझोसिन काही करणार नाही, मानेचे व्यायाम आणि हातानं केलेले उपचार लागतील. डोळ्यांची हालचाल आणि तोल, हेही एकदा बघून घ्या.

सीएचओ_धारणी

चर्चा उपयोगी आहे. एक जोडून विचारते. आमच्या उपकेंद्रात दुचाकीवरून पडलेले लोक येतात, शंकरपटातही बैल उधळून पडलेले येतात. डोक्याला मुका मार, शुद्धीवर आहेत, पण बीपी 160/100 दिसतं. सोबतचे म्हणतात बीपीची गोळी द्या. आता हे संशोधन वाचून कोणी प्रॅझोसिन द्या म्हटलं तर?

तालुका_फिजिशियन

ताई, द्यायची नाही. प्रॅझोसिनच काय, बीपीची कोणतीच गोळी उपकेंद्रात द्यायची नाही. ताज्या मारात वेदना आणि घाबरण्यानं बीपी चढतं, 15-20 मिनिटं शांत आडवं ठेवून परत मोजा. मेंदूत रक्त साचून दाब वाढत असेल तर तो दाब ओलांडून मेंदूला रक्त पोचावं म्हणून शरीरच बीपी वाढवतं. अशा वेळी बीपी पाडलं तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. गंभीर मारात 15 ते 49 वयाच्या माणसाचं वरचं बीपी 110 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, असाच नियम आहे. बीपी चढतंय आणि नाडी मंदावतेय, ही जोडी दिसली तर एक मिनिटही दवडू नका, 108 बोलवा.

सीटी असलेल्या ठिकाणी पाठवायच्या खुणा तुम्हाला माहीत असतील, तरी लिहितो. दोन तासांनंतरही पूर्ण भानावर नसणं, दोन किंवा जास्त उलट्या, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं, हातापायात कमजोरी, एक बाहुली मोठी, वय 65 किंवा जास्त, माराआधीचा अर्धा तास किंवा जास्त न आठवणं, तीन फुटांवरून पडणं, गाडीतून फेकलं जाणं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर माणूस कितीही ठणठणीत दिसो, पाठवायचाच. ‘दारू प्यायलाय म्हणून बरळतोय’ हे गृहीत धरू नका. दुखण्याला पॅरासिटामॉल, पहिल्या दिवसात ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन नाही.

आणि म्हाताऱ्या पुरुषांना लघवीसाठी कोणती गोळी चालू आहे ते विचारा. प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही सगळी अल्फा ब्लॉकरच, म्हणजे प्रॅझोसिनच्याच घराण्यातली आहेत. रात्री लघवीला उठून पडलेला माणूस याच गोळीनं पडलेला असू शकतो, त्याला वरून प्रॅझोसिन कोणी लिहू नये. असे लोक मोतीबिंदूच्या शिबिराला जात असतील तर गोळीचं नाव कागदावर लिहून द्या, शस्त्रक्रियेत बाहुली नीट मोठी राहत नाही आणि सर्जनला ते आधी कळायला हवं. ऐनवेळी गोळी बंद करून तो धोका जात नाही.

कबड्डी_दारव्हा

सगळ्यांचे आभार. घरी जाऊन पाकीट पाहिलं. एक्सएल 2.5 आहे, चिठ्ठीवर साधी 1 आहे. बरं झालं सुरू केली नव्हती. मानही वळवून पाहिली, डावीकडे वळवली की मागून ठणक येते म्हणतो. गोळी सुरू करण्याआधी उपकेंद्रात बीपी कसं मोजून घ्यायचं, तेवढं सांगा.

औषधी_वर्धा

ते पाकीट बिलासह परत द्या, पट्टी कापली नसेल तर बहुतेक दुकानदार बदलून देतात. साधी मिळेपर्यंत थांबा. मानेचं डॉक्टरांना वेगळं सांगा.

बीपी असं: पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजायचं, मग उभं करून पहिल्या मिनिटाला एकदा आणि तिसऱ्या मिनिटाला एकदा. पट्टा त्याच हाताला, उभं असताना हात छातीच्या उंचीवर धरून. उभं राहिल्यावर वरचं 20 नं किंवा खालचं 10 नं पडलं, किंवा गरगरलं, तर गोळी सुरू न करता डॉक्टरांना फोन. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर हेच परत. तिन्ही आकडे त्या कॅलेंडरच्या कागदावरच, तारखेसमोर लिहा. आणि पहिले आठ दिवस मोटारसायकलची किल्ली आईजवळ ठेवा.